झाडं राजीनामा देत नाहीत

मार्च संपत आला की पुण्यात दोन गोष्टी एकदम तापतात. एक हवा आणि दुसरं ऑफिस. हवेवर उपाय असतो. ताक प्या, माठातलं पाणी प्या, अगदीच झालं तर मॉलमध्ये जाऊन उगाच एक चक्कर मारा. ऑफिसवर उपाय नसतो, कारण तो अप्रेझलचा मोसम. एरवी एकमेकांच्या डब्यातली भाजी हक्कानं पळवणारी मंडळी या दिवसांत मुकाट्यानं आपापला डबा खातात. दोघं जण हळू आवाजात बोलताना दिसले की तिसऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि टीम लीड नावाच्या प्राण्याला, म्हणजे माझ्यासारखीला, एचआरकडून एक एक्सेल शीट येते. त्यात नावं भरायची असतात.

ज्यांना 'बेल कर्व्ह' हा शब्द माहीत नाही ते वाचक भाग्यवान. घंटेसारखी एक रेघ. डावीकडे थोडे 'ढ', मध्ये भरपूर 'ठीकठाक' आणि उजवीकडे थोडे 'स्टार'. गंमत अशी, की माणसं बघून खाने ठरत नाहीत. खाने आधी ठरतात, मग त्यात माणसं बसवायची. टीममध्ये नऊ जण असले आणि नवाच्या नवांनी जीव तोडून काम केलं, तरी एकाला डावीकडे जावंच लागतं. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये हा प्रकार गुंडाळून ठेवला. आमच्याकडे तो अजून गुण्यागोविंदानं नांदतोय.

गेल्या वर्षी त्या डावीकडच्या खान्यासाठी आमच्या टीममध्ये एक नाव न बोलताच ठरलेलं होतं. सगळ्यात लहान मुलगा, परभणीचा, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. काम वाईट नव्हतं त्याचं. पण दाखवायला जागाच नव्हती. क्लायंटला दिसणारी मोठी मॉड्यूल्स दोन सीनियर्सकडे. याच्या वाट्याला त्यांची उरलीसुरली दुरुस्ती. शीट भरायला दहा दिवस होते. माझी आठवडाभराची रजा वाया चालली होती. आणि नेमका तेव्हाच ताईचा फोन आला, ''टेप धरायला माणूस हवंय. येतेस?''

ताई म्हणजे माझी मावसबहीण. वनस्पतिशास्त्र शिकली आणि आता वर्षातले सहा महिने उत्तराखंडात, अल्मोड्याच्या आसपासच्या जंगलांत झाडं मोजत फिरते. झाडं मोजण्याचे पगार मिळतात, हे आमच्या मावशीला अजून पटलेलं नाही. मलाही ते काम म्हणजे ट्रेकिंगचा जरा सुशिक्षित प्रकार वाटायचा. पण एप्रिलमध्ये थंडीत आठ दिवस, आणि ''बऱ्याच ठिकाणी रेंज नाही'' हे तिचं वाक्य... मी लगेच तिकीट काढलं.

दिल्लीहून रात्रीची गाडी काठगोदामला सोडते. तिथून शेअर जीप. भवाली, गरमपानी, खैरना करत रस्ता वर चढत जातो, तसं पोट खाली जातं. पण एका वळणानंतर डोंगर लाल दिसायला लागला आणि मी उलटीची पिशवी विसरले. बुरांश फुलला होता. आपण ज्याला ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतो तो. आणि त्याच्या आजूबाजूला गडद हिरवी, जरा खडूस दिसणारी झाडं. वारा आला की त्यांची पानं उलटी व्हायची आणि अख्खा उतार चांदीसारखा पांढरा चमकून परत हिरवा व्हायचा. ''हा बांज,'' ताई म्हणाली. ''आपला हिमालयातला ओक.''

ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं, नंतर सोसायटीच्या गेटवरची पाटी. सह्याद्रीत खरा ओक उगवतच नाही. रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलाय, आणि ओकच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. हिमालयात मात्र ओकच्या बऱ्याच जाती आहेत. कुमाऊँत साधारण १२०० ते २३०० मीटरपर्यंत बांज, त्याच्या वर तिलौंज, आणि आणखी वर, थंडी कडक होते तिथे खरसू. बांजाच्या शास्त्रीय नावातच 'पांढरी लव असलेला' असा अर्थ दडलाय. पानांच्या खालच्या बाजूचा तो चमकता पांढरा रंग म्हणजे बारीक लव.

आणि तरीही बांजाशी आपली ओळख अगदीच नाही असं नाही हं! घरात काळा किंवा गोडा मसाला होत असेल, तर त्यात दगडफूल असतं. नावावरून ते दगडावर येत असेल असं वाटतं. पण बाजारात येणारं बरंचसं दगडफूल हिमालयातल्या झाडांच्या सालीवरून गोळा केलेलं असतं, आणि बांजाचं खरबरीत खोड ही त्याची आवडती जागा. पहिल्याच दिवशी ताईनं एका खोडावरचा राखाडी पापुद्रा माझ्या नाकाशी धरला. आमटीचा वास आला. खरंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. काम तसं सोपं. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, मोजायचा. घेर ३१.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर ते झाड. १०.५ ते ३१.५ च्या मधलं ते तरणं झाड. त्याहून बारीक ते रोप. मी टेप धरायची, आकडा ओरडायची. ताई वहीत लिहायची. गावातले एक दाज्यू (तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात) खडूनं खोडावर खूण करायचे. दुपारपर्यंत माझ्या केसांत शेवाळं आणि बुटात जळू. पण चार चौकोन झाल्यावर डोळे बदलले. आधी जे नुसतं 'घनदाट जंगल' दिसत होतं, त्यात मजले दिसायला लागले.

सगळ्यात वर मोठे बांज. त्यांचे शेंडे एकमेकांना जेमतेम टेकलेले, उजेडाचा सगळा माल आधी त्यांच्याकडे. त्याखाली बुरांश, अयार, काफळ. त्याखाली झुडपं. आणि मध्येच कुठेतरी एखादा बारीक, वाकडा, मान तिरपी केलेला बांज. मोठ्याच्या सावलीत अडकलेला. ''हे पोर अजून लहान आहे,'' मी म्हटलं. ''कदाचित शेजारच्याच्याच वयाचं असेल,'' ताई म्हणाली. ''वाढायला उजेड मिळाला नाही, एवढंच.''

तिनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. झाडांची भांडणं दोन मजल्यांवर चालतात. जमिनीखाली पाण्यासाठी आणि खतासाठी, आणि जमिनीवर उजेडासाठी. खालचं भांडण त्यातल्या त्यात रास्त असतं, ज्याची मुळं जेवढी तेवढा त्याचा वाटा. वरचं भांडण मात्र एकतर्फी. ऊन वरून येतं. त्यामुळे जो वीतभर उंच, तो वीतभर जास्त नाही, कितीतरी जास्त खातो. खालच्याला उरतं ते उष्टं. म्हणून सुरुवातीचा किंचित फरक पुढे वाढतच जातो. एखादं रोप एक वर्ष आधी उगवलं, एखाद्याला दगडाशेजारी थोडी जास्त माती मिळाली, बस्स. वीस-तीस वर्षांनी लोक म्हणतात, काय जोमदार झाड आहे!

मला हसू आलं. आमच्या ऑफिसात याला 'सेल्फ स्टार्टर' म्हणतात.

''थांब, अजून मजा आहे,'' ताई म्हणाली, आणि चहाच्या टपरीवर पेपर नॅपकिनवर आलेख काढायला बसली. १९६३ मध्ये क्योजी योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये एक हिशेब मांडला. एकाच वयाची रोपं दाट लावली, की वाढता वाढता ती आपोआप विरळ होतात. वाढायचं तर जागा लागते, आणि जागा तेवढीच असते. त्यामुळे मागे पडलेली मरत जातात. संख्या पावपट उरली, की उरलेल्यांचं सरासरी वजन आठपट झालेलं असतं. म्हणजे एकूण वजन दुप्पट. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यावर भरपूर वाद घातले, सगळ्या जातींना तो तंतोतंत लागू पडत नाही. पण गर्दी वाढते तशी विरळणीही होते, याबद्दल दुमत नाही.

''म्हणजे बेल कर्व्हच की हा!'' मी म्हटलं. ''नाहीतरी आमचे एचआरवाले म्हणतातच, स्पर्धा हा निसर्गाचा नियम आहे.''

ताईनं चहाचा ग्लास खाली ठेवला. ती चिडली की आधी चष्मा पुसते. तो पुसून झाल्यावर म्हणाली, ''तुझ्या एचआरवाल्यांना जंगलात आण एकदा. इथे दहा टक्के मरायलाच हवेत असं आधी कुणी ठरवत नाही. गर्दी असेल तर मरतात, नसेल तर नाही मरत. मेलेल्याचा उजेड आणि खत शेजाऱ्यांना मिळतं, वरच्या मजल्यावर बोनस म्हणून जात नाही. आणि मुख्य म्हणजे, झाडं राजीनामा देत नाहीत. त्यांना पाय नसतात गं. त्यामुळे ती वाट बघतात. एखादा म्हातारा पडला, छताला भोक पडलं, की ते वाकडं पोर बघ कसं उठतं ते. आणि हो, लहानपणी त्याला ती सावली हवीच असते. उघड्या उन्हात बांजाचं रोप वाळून जातं. सावली वाईट नसते. कायमची सावली वाईट.''

मी गप्प. परभणीचा मुलगा आठवला होता.

चौथ्या दिवशी आम्ही गावाजवळच्या जंगलात गेलो. लांबून तेही जंगलच दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं, की झाडांना फांद्याच नाहीत. खालपासून वरपर्यंत छाटलेले खांब आणि डोक्यावर पानांचा एक झुबका, धुणं वाळत घालायच्या काठीवर कुणी टोपी ठेवावी तसा. जमिनीवर पालापाचोळा जवळजवळ नाही. तोही गोठ्यात अंथरायला गोळा केलेला, पुढे त्याचंच शेतात खत होतं. मी टेप घेऊन आकडे ओरडत गेले. सत्तर. पंच्याऐंशी. ब्याण्णव. अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळी ताईनं लॅपटॉपवर आकडे भरले, आलेख काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

घंटा! अगदी आमच्या एचआरच्या शीटमधली. मधल्या घेराची भरपूर झाडं, खूप मोठी थोडीशी, आणि डाव्या बाजूला रोपं आणि तरणी झाडं जवळजवळ शून्य.

मग तिनं पहिल्या दिवसाच्या जंगलाचा आलेख शेजारी लावला. तो घसरगुंडीसारखा होता. डावीकडे रोपांचा डोंगर आणि तिथून उजवीकडे उतरत उतरत मोजकी मोठी झाडं. आपोआप टिकून राहणाऱ्या, सगळ्या वयांच्या जंगलाची आकृती अशी असते, हे फ्रान्समधल्या दे लिओकूर नावाच्या वनाधिकाऱ्यानं १८९८ मध्येच लिहून ठेवलंय. खाली भरपूर, वर थोडे. भरपूर मरणार हे गृहीत, पण मागून येणारे सतत असले पाहिजेत. घंटेच्या आकाराचं जंगल आज झकास दिसतं. फोटो छान येतात. पण त्यात मागून कुणी येत नसतं. आत्ताची झाडं म्हातारी झाली, की खेळ खलास.

''म्हणजे बेल कर्व्ह हे आजाराचं लक्षण आहे,'' मी म्हटलं.

''जंगलात,'' ताई म्हणाली. ''तुझ्या ऑफिसचं तू बघ.''

आता साहजिक प्रश्न पडतो, की या जंगलाची पोरं गेली कुठे? आमच्या होमस्टेच्या मालकाचं उत्तर तयार होतं. ''चीड खा गया सब.'' चीड म्हणजे तिकडचा पाइन. उंच, सरळसोट, खाली वाळलेल्या सुयांचा गालिचा. या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. पर्यटकांना चीड आवडतो, गावकऱ्यांना नाही. गुरं तो खात नाहीत, त्याच्याखाली गवत सोडून फारसं काही येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये पिरूल फटाक्याच्या वातीसारखा पेटतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तराखंड पेटलं होतं, आठवत असेल. त्या वर्षी १३ जूनला बिनसरच्या अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी होरपळून गेले. जिथे बसून मी हे ऐकत होते, तिथून बिनसरचा डोंगर समोर दिसत होता.

पण बांज विरुद्ध चीड हा सामना वाटतो तितका सरळ नाही. चिडाच्या रोपाला भरपूर ऊन लागतं. धडधाकट, गच्च बांजाच्या सावलीत ते तगतच नाही. म्हणजे समोरासमोर लढत झाली, तर त्या उंचीवर बांज हरत नाही. तो हरतो तो छताला भोकं पडल्यावर. फांद्या छाटल्या, ऊन आत आलं, की चिडाचं पंख असलेलं बी वाऱ्यावर उडत येऊन बसतं. चिडाची साल जाड, आगीतून तो बहुतेक वेळा वाचतो. बांजाची रोपं जळून जातात. बांजाचं बी म्हणजे टोपी घातलेलं जड फळ, ते वाऱ्यावर उडत नाही. त्यातली बरीचशी लंगूर आणि अस्वलं खातात, काही किडे पोखरतात, आणि सतत छाटलेल्या झाडाला मुळात फळंच कमी धरतात. वर आणखी एक डाव. १९८४ मध्ये नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठातल्या जे. एस. सिंह आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की चिडाच्या सुयांमध्ये नायट्रोजन इतका कमी असतो की त्या कुजवणारे सूक्ष्म जीव मातीतलाच नायट्रोजन अडकवून ठेवतात. बांजाला तो जास्त लागतो. म्हणजे एकदा चीड बसला, की तो बांजाच्या परतीच्या वाटेला कुलूपच लावतो.

आणि चिडाला हात कुणी दिला? इंग्रजांनी. रेल्वेच्या स्लीपरना लाकूड हवं होतं, टर्पेंटाइनला राळ हवी होती. चीड दोन्ही देतो. बांज देतो चारा, जळण, नांगराचा दांडा आणि झऱ्याचं पाणी. यातल्या कशाचीच पावती सरकारी वहीत फाटत नाही. १९११ ते १९१७ च्या दरम्यान कुमाऊँतली मोठमोठी जंगलं राखीव करून लोकांचा वावर आवळला. १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी जंगलं पेटवून निषेध केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी 'द अनक्वाएट वुड्स' या १९८९ च्या पुस्तकात लक्षात आणून दिलंय, की तेव्हा जळली ती चिडाची जंगलं, बांजाची लोकांनी राखली. त्यानंतर १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. गावानं निवडलेली समिती, गावाचं जंगल. आज उत्तराखंडात अशा दहा हजारांहून जास्त वनपंचायती आहेत. चिपको १९७३ मध्ये सुरू झालं ते याच मातीत. शेजारच्या गढवालमध्ये.

हे सगळं ऐकून मला वाटलं होतं, की आता खलनायक सापडला. इंग्रज गेले, म्हणजे उरल्या फांद्या तोडणाऱ्या बायका. पाचव्या दिवशी त्याही भेटल्या. पन्नाशीच्या एक दीदी, डोक्यावर पाल्याचा एवढा मोठा भारा की खालून फक्त पावलं दिसत होती. भारा टेकवून त्या आमच्याजवळ बसल्या. ताईची आणि त्यांची जुनी ओळख. मी धीर करून विचारलं, की एवढं छाटलं तर झाड कसं वाढणार?

दीदी हसल्या. ''बैणी, झाडाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते,'' म्हणाल्या. ''हिवाळ्यात गवत नसतं. म्हैस उपाशी ठेवू? पूर्वी आम्ही लांबच्या जंगलात जायचो, चौघी-पाच जणी, गाणी म्हणत. जवळचं राखायचो. आता सोबतीला कोण आहे? सुना दिल्लीला. एकटीनं लांब गेलं तर बिबट्याची भीती. मग जवळचंच तोडते.''

मी हे ऐकून अक्षरशः सुन्न झाले. गावाजवळची झाडं खांब झाली होती त्याचं एक कारण हे होतं, की गावात माणसं कमी झाली होती! दीदींनी बोटांवर मोजून दाखवलं. त्यांच्या वाडीत तेरा घरं, सात बंद. शाळेत मुलं अकरा. पंचविशीतला एकही जण नाही. सगळे दिल्लीत, हल्द्वानीत, कुणी हॉटेलात, कुणी फौजेत. मी मनातल्या मनात त्यांच्या वाडीचा आलेख काढला. घंटाच निघाली, तीही उजवीकडे कललेली.

पण त्याच दीदी वनपंचायतीच्या पंच होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भांडून जंगलाचा एक तुकडा बंद करायला लावला होता. पाच वर्षं तिथे ना विळा, ना गुरं. उरलेल्या भागात आळीपाळीनं तोड, आणि शेंड्याकडचा भाग सोडूनच. ज्या बायकांचा रोजचा पाला त्या तुकड्यातून यायचा, त्या त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हत्या. त्यातली एक त्यांची सख्खी जाऊ. ''तिचं बरोबरच होतं,'' दीदी म्हणाल्या. ''तिची गाय भुकेली होती. पण कुणाला तरी वाईट व्हावं लागतं.'' मग भारा उचलायला त्यांनी मलाच हात द्यायला सांगितला. तो मला गुडघ्याच्या वर उचलता आला नाही.

बंद केलेला तुकडा आम्ही सहाव्या दिवशी मोजला. मोठी झाडं तशीच, खांबासारखी, पण खोडाला जागोजागी नवे फुटवे. जमिनीवर पालापाचोळ्याचा थर, हात घातला तर ओला. आणि त्यात टाचेएवढी रोपं. पहिलं मला सापडलं म्हणून मी इतकी जोरात ओरडले, की दाज्यूंना वाटलं साप निघाला.

''फार उड्या मारू नकोस,'' ताई म्हणाली. ''रोप उगवणं सोपं. तरणं होणं कठीण. साडेदहा सेंटीमीटरचा घेर झाला, की मग बोलू.''

तिथून परतताना एका धारेवर मोबाइलला रेंज आली आणि बॉसचे सहा मिस्ड कॉल्स आले. शीट कुठे आहे?

त्या रात्री मी शीट भरली नाही, मेल लिहिली. स्पष्ट लिहिलं, की नऊपैकी खालच्या खान्यात बसवावं असं काम कुणाचंच नाही, म्हणून तो खाना मी रिकामा ठेवतेय. ज्याचं नाव सगळ्यांच्या मनात आहे, त्याला दोन वर्षांत स्वतःचं असं काम मिळालेलं नाही, मग कमी काम दाखवलं म्हणून मार्क कापायचे कसे? आणि पुढच्या महिन्यापासून एका सीनियरकडचं एक मॉड्यूल त्याच्याकडे देतेय. मेल बांजाबद्दल एक शब्दही न लिहिता पाठवली. एचआरला जंगल समजवायची माझी तयारी नव्हती.

तुम्हाला इथे सुखान्त हवा असेल. मलाही हवा होता. उत्तर दोन ओळींचं आलं. रिकामा खाना सिस्टिम स्वीकारत नाही. मी दोन मीटिंग्ज भांडले. शेवटी माझ्या वरच्या पातळीवर नाव भरलं गेलं. त्याचंच. मॉड्यूल मात्र मी त्याला दिलं. सीनियर माझ्याशी तीन आठवडे फक्त मेलवर बोलत होता, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं. त्यानं ते काम कष्टानं उभं केलं होतं. परभणीचा मुलगा अडीच महिन्यांत त्या मॉड्यूलवर असा काही उठला, की क्लायंटनं कॉलवर त्याचं नाव घेतलं. जुलैत त्यानं राजीनामा दिला. बंगळुरूला, चांगल्या पगारावर.

झाडं राजीनामा देत नाहीत. माणसं देतात, आणि द्यावा. मी त्याला पार्टी दिली. त्याच्या जागी मी दोन फ्रेशर्स मागितले होते. ''सध्या मार्केटमध्ये अनुभवी माणसं स्वस्तात मिळतायत,'' असं वरून सांगण्यात आलं. मी विचारलं, सगळेच अनुभवी घेतले तर पाच वर्षांनी अनुभवी कोण असेल? यावर कुणाकडे स्लाइड नव्हती. एक फ्रेशर मंजूर झाली. साताऱ्याची आहे, प्रश्न फार विचारते. तिला पहिल्या दिवसापासून एक छोटंसं का होईना, पण तिचं स्वतःचं काम दिलंय. शेजारी एक सीनियरही बसवलाय. सावली हवीच असते सुरुवातीला.

पावसाळा संपल्यावर ताईचा मेसेज आला. बंद तुकड्यातली रोपं परत मोजली. काही मेली, काही नवी आली, टाचेएवढी होती ती आता घोट्याला लागतायत. दीदींची जाऊ त्यांच्याशी बोलायला लागलीय, पण तुकडा आणखी पाच वर्षं बंद ठेवायचा विषय निघाला की अजून उठून जाते. पुढच्या बैठकीत मतदान आहे. ताईनं खाली एक ओळ लिहिली होती, ''एप्रिलमध्ये टेप धरायला येशील?''

एप्रिल म्हणजे परत अप्रेझल. रजेचा अर्ज मी आत्ताच टाकून ठेवलाय. कारणाच्या रकान्यात 'फॅमिली फंक्शन' असं लिहिलंय. ताई माझी मावसबहीण आहे, तेव्हा ते अगदीच खोटं नाही.